एकादशीच्या दिवशी बसवलेलं हेड

५ जानेवारी १९९८, सोमवार

तीन हेडं बाकावर ओळीने मांडून ठेवली आहेत आणि माझं जेवणात लक्ष नाही. गौरा म्हणाली, "आधी ताटाकडं बघा, मग इंजिनाकडं." बायको म्हणून तिचं बरोबर आहे.

गाडी मालोजीरावांची, पांढरी एस्टीम. त्यांचं टायरचं दुकान आहे आणि शर्यतीचं वेड आहे. पोट सुटलं तसं स्वतः बसायचं सोडलं, आता दुसऱ्याला बसवतात. चालवणार विशालाक्षी. आमच्या सुब्बराव मास्तरांची मुलगी, सरस्वतीपुरमला राहते, सव्वीस वर्षांची, बँकेत आहे. एक फेब्रुवारीला सोसले गावाच्या पुढे मातीच्या ट्रॅकवर शर्यत आहे, एका वेळी एकच गाडी, घड्याळाविरुद्ध. मालोजीरावांचा शब्द — पहिल्या तिघांत आली तर वर्षभर गाडी तिचीच. नाहीतर चिकमगळूरचा एक मुलगा टपून बसलाच आहे.

इंजिनाचं धड तेच ठेवायचं, डोकं बदलायचं. इंजिन श्वास घेतं ते हेडमधून. एक हेड कंपनीचंच — आतल्या वाटा मी घासून मोकळ्या करायच्या. दुसरं बेंगळूरच्या जुन्या बाजारातलं जपानी. तिसरं कोइमतूरच्या एका वर्कशॉपने बनवलेलं, व्हॉल्व्ह मोठे, आणि त्यांना जास्त उघडणारा कॅम. बघूनच हात शिवशिवतात!

९ जानेवारी

जपानी परत पाठवलं. दिसायला नवरदेव, पण दोन व्हॉल्व्हच्या मधोमध केसाएवढी चीर.

उरली दोन. कंपनीचं भरवशाचं. मालोजीराव म्हणाले, "नरहरी, भरवसा मला टॅक्सीत पाहिजे, रेसमध्ये नको." कोइमतूरचं ठरलं. खरं म्हणजे मलाही तेच हवं होतं. गौराला सांगताना मात्र म्हणालो, मालोजीराव ऐकत नाहीत.

१७ जानेवारी, शनिवार

हेड खालून पाऊण मिलीमीटर घासून घेतलं. दाब वाढतो, ताकद वाढते. आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या तेवढेच जवळ येतात. आधीच मोठे, त्यात कॅम त्यांना जास्त खाली ढकलणारा. मध्ये निदान दीड मिलीमीटर जागा पाहिजे. हे माप चुकलं तर बाकी सगळं फुकट.

विशालाक्षी बँकेतून आली, साडीचा पदर खोचून उजेडासाठी बॅटरी धरून उभी राहिली. मी नवा आरपीएम मीटर बसवत होतो. त्यात दोन काटे. पांढरा इंजिनाबरोबर वरखाली होतो. लाल मात्र इंजिन जास्तीत जास्त जिथवर पळालं तिथे अडकून राहतो, बटण दाबलं तरच शून्यावर येतो. मी म्हणालो, "बहात्तरशेच्या वर न्यायचं नाही. लाल काटा मला सगळं सांगतो." ती म्हणाली, "न्हाई नेत काका. तुम्ही सांगितलं की झालं."

२४ जानेवारी, शनिवार. एकादशी.

हेड आज बसवून बघायचं ठरलं होतं. ते जागेचं माप मी कणकेने घेतो. पिस्टनच्या डोक्यावर घट्ट कणकेची गोळी ठेवायची, वरून तेलाचा हात, हेड बसवून चार बोल्ट आवळायचे, इंजिन हाताने दोन वेळा पुरतं फिरवायचं. मग हेड उचलायचं. व्हॉल्व्हने कणीक जिथे चेपली तिथे ब्लेडने कापून जाडी मोजायची. लोक मुलांच्या खेळातली माती आणतात. मी तीस वर्षं कणीकच वापरली. शिंप्याच्या घरात जन्मलो, टेप गळ्यात घातली नाही तरी मापाची घमेंड रक्तातच आहे.

गौराकडे कणीक मागितली. म्हणाली, "आज? एकादशी की आज. कणकीला हात लावायचा न्हाई." मी म्हणालो, खायची नाही, इंजिनाला पाहिजे. "इंजिन ह्या घरातलंच अल्वा, न्हाई का? मग त्याला पण उपास." आमच्या घरात विठ्ठलाच्या दिवशी कणकेच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडत नाहीत, ते मला माहीत होतं. तिने भिजवलेला साबुदाणा उकडलेल्या बटाट्यात कुटून गोळा करून दिला. उपासाचा गोळा! मला हसू आलं. उद्या द्वादशीला कणीक मिळालीच असती, कोपऱ्यावरच्या दुकानात मातीही होती. पण मालोजीरावांना उद्या इंजिन चालू करून दाखवतो म्हणालो होतो.

माप दोन मिलीमीटर आलं. दीड पाहिजे, दोन मिळालं. छान.

हेड उचलताना गोळा थोडा व्हॉल्व्हला चिकटून वर आला. बोटाने खाली बसवला आणि मग मोजलं.

२५ जानेवारी

हेड बसलं. नवं गॅस्केट, बोल्ट मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. अर्ध्या चावीत इंजिन लागलं. आवाज असा की समोरचा इस्त्रीवाला इस्त्री तशीच शर्टावर ठेवून बघत राहिला. मालोजीरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. विशालाक्षी बॉनेटवर हात ठेवून उभी होती. आज मला माझा फार अभिमान वाटतो आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

इथे तरी सगळं लिहितो.

दुसरी फेरी. पहिल्या फेरीत ती दुसऱ्या नंबरावर होती. दुसऱ्या फेरीत उसाच्या मळ्याकडेचा लांब सरळ तुकडा, तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात जायची जागा. ठक्क असा आवाज झाला. पाठोपाठ पांढरा धूर. गाडी घरंगळत कडेला थांबली.

मी सगळ्यांत जवळ होतो, धावलो. ती उतरून खोकत खोकत बॉनेटवर आग विझवायचा सिलिंडर मारत होती. मी बॅटरीचा खटका बंद करायला आत वाकलो आणि मीटर समोर आला. लाल काटा अडुसष्टशेवर. बहात्तरशे मी दिले होते. त्याच्या आतच थांबली होती पोरगी.

म्हणजे तिचं काही चुकलं नव्हतं. म्हणजे माप. त्याच क्षणी कळलं मला. व्हॉल्व्हला चिकटलेला तो गोळा डोळ्यांसमोर आला.

आणि मी बटण दाबलं. लाल काटा शून्यावर.

कोणी सांगितलं नव्हतं. विचारही केला नव्हता. मालोजीराव तंबूतून धापा टाकत आले, काय झालं म्हणाले. मी म्हणालो, "गिअर चुकला असेल." तिसऱ्यातून चौथा टाकताना हात दुसऱ्यावर गेला की इंजिन मर्यादेच्या पार जातं आणि असंच फुटतं. सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांनी मान हलवली.

ती बॉनेटच्या पलीकडे उभी होती. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

२ फेब्रुवारी

इंजिन उघडलं. एक व्हॉल्व्ह तुटून पिस्टनमध्ये रुतलेला. बाकीच्या तिन्ही पिस्टनांवर चंद्रकोरीसारख्या खुणा. गिअर चुकला तरी अशाच खुणा पडतात. म्हणजे बघणाऱ्याला काहीच कळणार नाही. हे मनात आलं आणि बरं वाटलं. बरं वाटलं, हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

३ फेब्रुवारी

मालोजीरावांच्या दुकानात गेलो होतो. चारजण बसले होते. एकजण म्हणाला, बायकांच्या हातात गिअर म्हणजे पुरणाची पळी वाटते त्यांना. सगळे हसले.

मीही हसलो.

५ फेब्रुवारी

विशालाक्षी आली. चेहरा उतरलेला, पण आवाज ठाम. "काका, मी चौथाच टाकला. खंडितवागी." म्हणजे नक्की. मराठी शब्द सापडला नाही की ती कन्नडवर जाते, आणि नक्की असलं की जातेच.

मग तिने विचारलं, "लाल काटा कुठं होता?"

"शून्यावर. धक्क्यानं पडला असेल," मी म्हणालो.

तिने मान हलवली. तो काटा धक्क्याने पडत नाही. कशानेही पडत नाही. पण तिने विचारलं कोणाला, तर ज्याने मीटर बसवला त्याला. त्याने सांगितलं ते तिने घेतलं.

७ फेब्रुवारी, शनिवार. एकादशी.

गॅरेज आतून लावून घेतलं. गौराकडून साबुदाण्याचा गोळा आणला, कशाला ते सांगितलं नाही. फुटलेल्या पिस्टनाच्या जागी जुना घातला आणि तेच माप पुन्हा घेतलं. गोळा पुन्हा चिकटला, पुन्हा ताणून वर आला आणि होता त्यापेक्षा जाड झाला. मोजला. दोन मिलीमीटर.

८ फेब्रुवारी

आज कणकेने. शून्य दशांश नऊ. एक मिलीमीटरसुद्धा नाही! एवढ्या जागेत इंजिन हळू चाललं तर चालेल, जोरात पळालं की व्हॉल्व्ह पिस्टनला भेटणारच. शाळेतल्या पोरालाही कळेल.

तीस वर्षांत एक इंजिन हातून गेलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं होतं ते, मागच्या महिन्यापर्यंत.

१० फेब्रुवारी

मालोजीरावांकडे सांगायला गेलो. त्यांनी कॉफी मागवली. कॉफी प्यायलो, टायरांच्या भावाबद्दल बोललो आणि परत आलो.

१२ फेब्रुवारी

बँक सुटल्यावर ती आली. गाडी गॅरेजमध्येच आहे, इंजिनाशिवाय. तिने विचारलं, "बसू का जरा?" आणि आत बसली. गिअरचा दांडा हलवायला लागली. तिसरा, चौथा. तिसरा, चौथा. मी पाने पुसत होतो. अर्धा तास तोच खडखड आवाज.

मग हाक मारली. "काका, माझा हात जरा दुसऱ्या गिअरकडं सरकतो काय? बघा तरी."

मी जाऊन बघितलं. हात सरळ जात होता. दहा वेळा बघितलं, दहाही वेळा सरळ. इतका नीट हात मी थोड्याच ड्रायव्हरांचा पाहिला आहे.

"थोडा सरकतो," मी म्हणालो.

तिने दांडा पुन्हा धरला. परत टाकला — तिसरा, चौथा. मग हळूच म्हणाली, "इरबहुदु." म्हणजे, असेल.

पाच तारखेला खंडितवागी होतं. आज इरबहुदु. मधल्या सात दिवसांत दुसरं कोणी काही केलं नाही, मीच केलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

सुब्बराव मास्तर घरी आले. हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी दोन पपया. त्यांचे आजोबा आणि माझे आजोबा चामराजपुरमला एकाच आळीत राहायचे. ते कापड रंगवायचे, आमचे शिवायचे. मास्तर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. मला एकेरी हाक मारतात, पण त्यांनी कधी आवाज चढवलेला आठवत नाही.

म्हणाले, "नरहरी, जेवताना पण तिचा हात तसाच हलतो बघ. गिअर टाकल्यासारखा. मी काही सांगितलं तर ऐकत न्हाई. तुझं ऐकते. तू चालव म्हणालास तर चालवू दे. नको म्हणालास तर मी बंद करायला लावतो."

गौरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मास्तर माझ्याकडे बघत होते. एका वाक्यात सगळं सरळ झालं असतं. मास्तर, तिचा हात ठीक आहे, माझा बिघडलाय. एवढंच.

मी म्हणालो, "थोडे दिवस राहू दे."

मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि माझे आभार मानले. पपया गोड निघाल्या. मी खाल्ल्या नाहीत.

१६ फेब्रुवारी

इलेक्शनची जीप सकाळपासून ओरडते आहे. लिहिण्यासारखं काही नाही. खोटं. लिहिण्यासारखं आहे, हात धजत नाही.

१९ फेब्रुवारी

गौराला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, ताट बाजूला ठेवलं.

"साबुदाणा मी दिला तुम्हाला. कणीक दिली असती तर झालं नसतं. दोष माझा पण आहे की."

मला ते ऐकून हायसं वाटलं! कोणीतरी अर्धा दोष उचलतं आहे म्हणून. मी म्हणालो, हो, एकादशी नसती तर —

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग तो काटा कोण दाबला? एकादशी?"

मी खाली सांडलेले तांदळाचे दाणे वेचायला लागलो.

"आणि तिचा हात सरकतो म्हणून सांगितलं, ते कोण?"

तिने ताट परत ओढून घेतलं. तांदळाकडे बघतच म्हणाली, "उद्या जावा. सुम्ने, उगीच घरात बसून लिहू नका."

तिला माहीत आहे मी लिहितो. मला वाटत होतं, माहीत नाही.

२० फेब्रुवारी

गेलो नाही. गॅरेजमध्ये काम होतं. काम नव्हतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

गेलो. दुकानात तेच चारजण होते, ते उठून जायची वाट बघितली नाही. वाट बघितली असती तर पुन्हा कॉफी प्यायलो असतो. उभ्या उभ्या सांगितलं. एकादशी, साबुदाणा, दोन मिलीमीटर, शून्य दशांश नऊ. मग काटा. काट्याचं पुटपुटलो, परत सांगावं लागलं.

चौघांपैकी कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

मालोजीरावांनी टेबलावरचं पेन उचललं. म्हणाले, "माप चुकतं हो, माझ्या हातून पण चाकं निसटलीत. पण बटण?" मग पेन बाजूला सारून, "सीट तिचीच. मी तिला आज फोन करतो, काय झालं ते सगळं सांगतो. इंजिन मात्र आता कोइमतूरला पाठवतो, नरहरी. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटलं. पण बाहेर येऊन सायकलवर बसलो तर पाय हलके होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. आता उद्यापासून माझ्याबद्दल लोक काय बोलायचं ते बोलोत. पोरीची गाडी पोरीला मिळाली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

विशालाक्षी आली होती. आधी पायाला हात लावला. म्हणाली, "मालोजीरावांनी फोन केला. माझ्यासाठी इतकं खोटं बोललात, काका. तेही चार लोकांसमोर."

मी म्हणालो, खोटं नाही. दोन्ही गोळे करून दाखवले, दोन्ही मापं घेऊन दाखवली. अडुसष्टशे म्हणालो, बटण मी दाबलं म्हणालो, तुझा हात सरळ आहे म्हणालो. लहान मुलाचं ऐकावं तसं तिने सगळं ऐकून घेतलं.

"नको, काका. मला आता नीट आठवतं. तिसऱ्यातून काढला आणि दुसऱ्यात पडला. हाताला कळलं तेव्हाच, भीतीनं सांगितलं न्हाई. खंडितवागी." गाडी चालवणार नाही, असं ती मालोजीरावांना सांगून आली आहे.

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती खोटं बोलत नव्हती; जे घडलंच नाही ते तिला खरंच आठवत होतं.